पडद्यावरील नृत्य आणि त्याचा प्रेक्षक

आपल्या देशातील कोणत्याही प्रांतात, कोणत्याही वयाच्या चित्रपटरसिकाला त्याच्या आवडत्या नृत्यदृश्याविषयी विचारले, तर उत्तरासाठी फारसे थांबावे लागत नाही. कथानक पुसट झालेले असते, नायकाचे नाव आठवत नाही, क्वचित चित्रपटाची भाषाही त्याला समजलेली नसते. परंतु आरशांच्या महालातील ती गिरकी, नगाऱ्यांवरचा तो पदन्यास किंवा गारुड्यांच्या वस्तीतील तो बेभान नाच त्याच्या डोळ्यांसमोर जसाच्या तसा उभा राहतो. मात्र ते दृश्य एवढे का आवडले, असा दुसरा प्रश्न विचारला की तोच रसिक अडखळतो. ‘नाच फार सुंदर होता’ एवढेच तो म्हणतो. हे उत्तर खरे असले तरी पुरेसे नाही. श्रेष्ठ नर्तकींची कितीतरी नृत्ये चित्रपटांतून आली आणि विस्मरणात गेली. उलट, नृत्यांगना म्हणून जिची ख्याती नव्हती अशा अभिनेत्रीवर चित्रित झालेली काही दृश्ये अनेक पिढ्यांनंतरही टिकून आहेत. तेव्हा केवळ नृत्याच्या गुणवत्तेत या आवडीचे रहस्य सापडणार नाही.

रंगमंचावरील नृत्यात पक्ष दोनच असतात : नाचणारा आणि पाहणारा. चित्रपटात मात्र ही रचना गुंतागुंतीची होते. नर्तकी कथेतील कोणासाठी तरी नाचत असते. तो राजा असेल, जमीनदार असेल, प्रियकर असेल किंवा वैरी. या कथेतील प्रेक्षकाकडे आणि नर्तकीकडे कॅमेरा कोठून तरी पाहत असतो. आणि या सर्वांकडे चित्रगृहाच्या अंधारात बसलेला आपण पाहत असतो. ही नर्तकी कोणासाठी नाचत आहे, तिच्याकडे पाहण्याचा अधिकार कोणाला आहे आणि नाच संपेपर्यंत त्या अधिकाराचे काय झाले, हे प्रश्न ज्या दृश्यात पणाला लागलेले असतात ते दृश्य मनात राहते. जेथे असे काही पणाला लागलेले नसते तेथे उत्तम नृत्यही करमणुकीचा एक तुकडा होऊन जाते.

भारतीय चित्रपटाच्या अगदी आरंभीच याचा एक नमुना सापडतो. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ मधील ‘मोहिनी भस्मासुर’ या मूकपटात कमलाबाई गोखले यांनी मोहिनीची भूमिका केली. त्याच वर्षीच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये स्त्रीभूमिका पुरुषांना कराव्या लागल्या होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे या घटनेचे महत्त्व कळते. परंतु येथे प्रस्तुत आहे ती त्या पुराणकथेची घडण. मोहिनी नाचते, तिच्यावर लुब्ध झालेला असुर तिचे अनुकरण करू लागतो, आणि तिच्या एका हस्तक्षेपाबरोबर स्वतःचाच हात स्वतःच्या मस्तकावर ठेवून भस्म होतो. पाहणारा हा सुरक्षित नसतो, ही गोष्ट आपल्या कथापरंपरेला चित्रपट येण्यापूर्वीपासून ठाऊक होती.

बोलपट आल्यावर गीत आणि नृत्य यांचा पूर लोटला. १९३१ च्या ‘आलम आरा’त सात गाणी होती, पुढच्याच वर्षीच्या ‘इंद्रसभा’त त्यांची संख्या सत्तरच्या आसपास गेली. त्या काळी नटाला कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गावे लागे. ध्वनिग्राहकाच्या टप्प्यात राहून गाणारी स्त्री मोकळेपणाने नाचणार कशी? १९३५ मध्ये नितीन बोस यांच्या ‘भाग्यचक्र’ या बंगाली चित्रपटात आणि त्याच्या ‘धूपछाँव’ या हिंदी आवृत्तीत पार्श्वगायनाचा अवलंब झाला आणि ही अडचण दूर झाली. आवाज एकीचा, देह दुसरीचा, अशी विभागणी रूढ झाली. नर्तकीचे पाय मोकळे झाले, परंतु एक किंमतही द्यावी लागली. आधी मुद्रित झालेल्या गीतावर नाचायचे म्हटल्यावर लय, विस्तार आणि शेवट हे सारे अगोदरच ठरलेले असते. मैफलीत नर्तक तबलजीकडे पाहून एखादा तुकडा पुन्हा घेतो, समेला चकवा देतो, श्रोत्यांची दाद पाहून विस्तार वाढवतो. ध्वनिमुद्रिकेची एक बाजू जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांची. तिने हा उत्स्फूर्तपणा बहुतांशी संपवला.

दुसरी किंमत कॅमेऱ्याने मागितली. नंदिकेश्वराच्या ‘अभिनयदर्पण’ या ग्रंथात हस्त, दृष्टी, मन, भाव आणि रस यांची एक अखंड साखळी सांगितली आहे. रंगमंचावर ही साखळी प्रेक्षकाला एकाच वेळी दिसते. कॅमेरा जवळ गेला की चेहरा दिसतो आणि पाऊल नाहीसे होते. पावलाकडे गेला की डोळे हरवतात. दूर गेला तर सर्व देह दिसतो, पण भुवईची हालचाल दिसत नाही. अमेरिकन नर्तक-अभिनेते फ्रेड अ‍ॅस्टेअर यांनी यावर सरळ उपाय काढला होता. आपला संपूर्ण देह पडद्यावर दिसला पाहिजे आणि दृश्य शक्य तितके कमी तोडले पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. त्याच देशात बस्बी बर्कली यांनी नेमका उलटा मार्ग धरला. वरून टिपलेल्या नर्तिकांच्या समूहातून ते फुलांच्या पाकळ्या उमलवीत. एकेक नर्तिका तेथे केवळ आकृतीचा बिंदू असे. भारतीय चित्रपटाने या दोन्ही मार्गांवर पावले टाकली, पण त्याचा स्वतःचा मार्ग निराळा ठरला.

त्या मार्गाचा उगम शोधू गेल्यास तो हिमालयाच्या पायथ्याशी, अल्मोडा येथे सापडतो. उदय शंकर यांनी तेथे स्थापन केलेले संस्कृती केंद्र १९४० च्या सुमारास काही वर्षेच चालले, परंतु त्याचा प्रभाव त्याच्या आयुष्याच्या मानाने फार मोठा आहे. कथकळी, भरतनाट्यम् आणि मणिपुरी यांचे गुरू तेथे एकत्र शिकवीत. तेथील विद्यार्थ्यांत एक तरुण होता गुरुदत्त. केंद्रातून बाहेर पडल्यावर तो पुण्याच्या प्रभात कंपनीत आला आणि १९४६ च्या ‘हम एक हैं’ या चित्रपटाचे नृत्यदिग्दर्शन त्याने केले. उदय शंकरांच्या सहनर्तकी सिमकी या मूळच्या फ्रेंच. राज कपूर यांच्या ‘आवारा’ (१९५१) मधील प्रसिद्ध स्वप्नदृश्याची नृत्यरचना त्यांची होती आणि त्या दृश्यातील ढगांचे व राक्षसी मूर्तींचे विश्व मराठी चित्रकार एम. आर. आचरेकर यांनी उभे केले होते.

स्वतः उदय शंकरांनी चित्रपट काढला तो एकच : ‘कल्पना’ (१९४८). मद्रासच्या जेमिनी स्टुडिओत तो चित्रित झाला. त्याचे संगीत विष्णुदास शिराळी यांचे. शिराळी हे विष्णु दिगंबर पलुसकरांच्या परंपरेतले आणि उदय शंकरांच्या पथकाचे जुने संगीतकार. एक कलावंत आपली कथा घेऊन चित्रपट-निर्मात्याकडे जातो, अशी या चित्रपटाची चौकट आहे. प्रारंभीच प्रेक्षकांना सावध राहून पाहण्याची विनंती केलेली आहे. ही विनंती अनाठायी नव्हती. रंगमंचावरची नृत्ये कॅमेऱ्यासमोर जशीच्या तशी करून दाखवण्याचा सोपा उद्योग उदय शंकरांनी केला नाही. सावल्या, खालून टिपलेले देह, एकावर एक उमटलेल्या प्रतिमा यांच्या साहाय्याने त्यांनी रंगमंचावर होऊच शकली नसती अशी नृत्ये रचली. यंत्रे आणि श्रमिक यांच्या नृत्यात माणसांचे हातपाय दट्ट्यांसारखे चालू लागतात, तेव्हा नाचत आहे तो माणूस की यंत्र, असा संभ्रम पडतो.

‘कल्पना’ला प्रेक्षक लाभला नाही. अपयशाची कारणे अनेक सांगितली जातात. त्यांतील एक येथे नोंदवण्याजोगे आहे. या चित्रपटातील बहुतेक नृत्यांना कथेच्या आतला प्रेक्षक नाही. ती सरळ आपल्यासाठी, म्हणजे चित्रगृहातील माणसासाठी नाचली गेली आहेत, आणि त्या माणसाने आपले सर्व अवधान द्यावे अशी त्यांची मागणी आहे. ज्या प्रेक्षकाला राजाच्या किंवा नायकाच्या खांद्यावरून पाहण्याची सवय होती, तो येथे एकाकी पडला. अनेक दशकांनंतर या चित्रपटाची प्रत जतनप्रक्रियेतून पुन्हा उजळली आणि २०१२ मध्ये कान येथील महोत्सवात दाखवली गेली, तेव्हा तो पाहणारा प्रेक्षक अर्थातच निराळा होता.

त्याच वर्षी, त्याच जेमिनी स्टुडिओतून, एस. एस. वासन यांचा ‘चंद्रलेखा’ बाहेर पडला आणि त्याने देशभर गर्दी खेचली. त्यातील नगाऱ्यांचे नृत्य ज्याने पाहिले तो ते विसरत नाही. खलनायक शशांक चंद्रलेखेवर विवाहाची सक्ती करतो. ती संमती देते, परंतु विवाहापूर्वी नगाऱ्यांचे नृत्य झाले पाहिजे अशी अट घालते. राजवाड्यासमोर पुरुषभर उंचीच्या नगाऱ्यांच्या रांगा मांडल्या जातात आणि शेकडो नर्तक-नर्तकी त्यांच्यावर आणि त्यांच्यामधून नाचू लागतात. शशांक सिंहासनावरून हे वैभव पाहतो आणि सुखावतो. नाच शिगेला पोहोचतो, नगाऱ्यांची कातडी फाटतात, आणि आत दडलेले सैनिक तलवारी उपसून बाहेर पडतात. भव्यतेचाच विचार केला तर हे दृश्य बर्कलीच्या पंथातले वाटेल. वरून घेतलेली दृश्ये तशी आहेतही. परंतु त्याचे सामर्थ्य भव्यतेत नाही. नृत्य हे येथे शस्त्र आहे. खलनायक ज्या ऐटीत पाहतो त्याच ऐटीत आपणही पाहत असतो, आणि नगारे फुटतात तेव्हा त्याच्याइतकेच आपणही फसलेलो असतो. फरक इतकाच की आपल्याला फसवले गेल्याचा आनंद होतो. भस्मासुराची जुनी कथाच येथे लाखो रुपयांच्या खर्चाने पुन्हा सांगितली गेली, असे म्हणता येईल.

वासन यांच्याच ‘वंजिकोट्टै वालिबन’ (१९५८) या तमिळ चित्रपटात वैजयंतीमाला आणि पद्मिनी यांची नृत्यस्पर्धा आहे. संगीत आपल्या सी. रामचंद्र यांचे, नृत्यदिग्दर्शन हिरालाल यांचे. पद्मिनीने पडद्यावर पहिले पाऊल ‘कल्पना’त टाकले होते. दोघीही एकाच पुरुषावर अनुरक्त असलेल्या स्त्रिया येथे एकमेकींसमोर नाचतात, आणि हळूहळू एक चमत्कारिक गोष्ट घडते : तो पुरुष बाजूला पडतो. नर्तकीचा खरा प्रेक्षक दुसरी नर्तकीच होते. तिच्या चालीला ही उत्तर देते, हिची लय ती दुप्पट करते. दोघींची ही झुंज पाहून दरबारातील एक पात्र शाबासकीचा जो उद्गार काढते, तो तमिळ घरांतून तोडीस तोड स्पर्धेसाठी म्हणीसारखा वापरला जाऊ लागला. स्पर्धेचा निकाल लागत नाही, आणि तो लागू नये यातच शहाणपण होते. पुढे दहा वर्षांनी ‘तिल्लाना मोहनांबाळ’ (१९६८) मध्ये हीच पद्मिनी मंदिरात नाचते आणि नादस्वरवादक नायक खांबाआड उभा राहून चोरून पाहतो. तो तेथे आहे हे तिला ठाऊक आहे. ती त्याच्याचसाठी नाचते. जमलेल्या इतर लोकांना ते कळत नाही आणि आपल्याला कळते. या एका गोष्टीमुळे ते साधे मंदिरनृत्य प्रेमप्रसंग होऊन जाते.

या दरबारी वैभवाकडून बंगालकडे वळले की वातावरण एकदम बदलते. सत्यजित राय यांचा ‘जलसाघर’ही १९५८ चाच. ताराशंकर बंद्योपाध्याय यांच्या कथेतील जमीनदार विश्वंभर राय कफल्लक होत चालला आहे. शेजारचा नवश्रीमंत महिम गांगुली आपल्या घरी मैफली करू लागला आहे. विश्वंभर उरलेले किडूकमिडूक मोडतो आणि आपला बंद पडलेला जलसाघर अखेरचा उघडतो. तेथे कथक सादर करतात रोशनकुमारी. त्या जयपूर घराण्याच्या, गायिका जोहराबाई अंबालेवाली यांच्या कन्या. पुढे मुंबईत त्यांनी अनेक शिष्य घडवले. राय यांनी या नृत्यासाठी अभिनेत्री घेतली नाही, खरी नर्तकी घेतली. चित्रपटात त्याआधी येणाऱ्या बेगम अख्तर यांच्या ठुमरीप्रमाणेच.

आणि कॅमेऱ्याला त्यांनी मैफलीत बसवले. ज्याला मैफलीचे शिष्टाचार ठाऊक आहेत असा एखादा पाहुणा जसा बसेल, तसा सुब्रत मित्र यांचा कॅमेरा वागतो. तो उगाच उठत नाही, पावलांत घुटमळत नाही. नर्तकीला तिचा वेळ घेऊ देतो. मधूनच तो श्रोत्यांकडे पाहतो. महिम अस्वस्थ आहे, त्याचे लक्ष दाद देण्याच्या संधीकडे लागले आहे. विश्वंभराच्या मुद्रेवर मात्र तृप्ती आहे. नाच थांबतो. महिम बक्षीस देण्यासाठी हात पुढे करतो आणि विश्वंभर आपल्या काठीने तो हात अडवतो : पहिले बक्षीस देण्याचा मान यजमानाचा. मग आपली अखेरची थैली तो नर्तकीला देऊन टाकतो. नृत्याचे दृश्य येथे खऱ्या अर्थाने पूर्ण होते, पाय थांबल्यावर. कला कोणाची, तिची बूज राखणाऱ्याची की तिचे मोल देणाऱ्याची, हा प्रश्न त्या काठीच्या आकड्यात अडकलेला आहे. राय यांची सहानुभूती विश्वंभराकडे झुकते, यात शंका नाही; परंतु त्या नर्तकीला स्वतःला काय वाटले हे आपल्याला कळत नाही, एवढी उणीव या अप्रतिम दृश्यात आहे.

नर्तकीला स्वतःला काय वाटते हे सांगणारे दृश्य दोन वर्षांनी आले. के. आसिफ यांचा ‘मुघल-ए-आझम’ ५ ऑगस्ट १९६० रोजी प्रदर्शित झाला. त्यातील शीशमहालाविषयी इतके लिहिले गेले आहे की त्याची तपशीलवार माहिती देण्याचे कारण नाही. मुंबईच्या मोहन स्टुडिओतील तो सेट उभारण्यास दीर्घ काळ लागला, काचकाम फिरोजाबादच्या कारागिरांचे होते, आणि बहुतांशी कृष्णधवल असलेल्या चित्रपटातील हे दृश्य रंगीत होते. हजारो काचांवरून उसळणारा प्रकाश कॅमेऱ्यात शिरून चित्र बिघडवी. छायालेखक आर. डी. माथुर यांनी सरळ झोत न टाकता परावर्तित, मंद केलेला प्रकाश वापरून ही अडचण सोडवली. नृत्यरचना लच्छू महाराज यांची, म्हणजे लखनौच्या कालका-बिंदादीन घराण्यातील एका श्रेष्ठ गुरूची.

नृत्य म्हणून पाहिले तर मधुबालेच्या वाट्याला आलेल्या हालचाली मोजक्याच आहेत. कोणतीही अवघड गत वा परण त्यांत दिसत नाही. येथे दिग्दर्शकाने जे केले ते कथेच्या आतल्या प्रेक्षकाच्या साहाय्याने केले. अनारकलीला दरबारात नाचण्याची आज्ञा झाली आहे; सलीमवरील प्रेम तिने नाकारावे ही बादशहाची अपेक्षा आहे. दासीला पाहण्याचा अधिकार बादशहाला आहे, तिने कोणत्या शब्दांत नाचावे हेही तोच ठरवणार. ती नाचते आणि बरोबर उलटे सांगते. अकबराचा चेहरा संतापाने ताठरतो, दृष्टी तिच्यावरून हटवावी म्हणून तो वर पाहतो, आणि छताच्या प्रत्येक आरशात तीच नाचत असते. एका दासीच्या अगणित दासी झालेल्या असतात. पाहण्याचा अधिकार ज्याच्या हाती होता त्याला न पाहण्याचा अधिकार उरत नाही. पृथ्वीराज कपूर यांनी त्या क्षणी केलेला अभिनय हा त्या नृत्याचाच एक भाग आहे. एकदा गाण्याचा आवाज बंद करून केवळ अकबराकडे लक्ष ठेवून हे दृश्य पाहावे, म्हणजे त्याची रचना कशी केली आहे हे स्पष्ट होते. सेटवरचा खर्च वाया गेला नाही तो यामुळे. नंतरच्या काळात असे चकचकीत महाल पुष्कळ उभारले गेले. त्यांत आरसे होते, वर पाहणारा अकबर नव्हता.

आतापर्यंतच्या सर्व नर्तकी कोणाच्या तरी आज्ञेने, कोणाला जिंकण्यासाठी किंवा कोणाला हरवण्यासाठी नाचल्या. कोणासाठीही न नाचणारी स्त्री पडद्यावर दाखवता येईल काय? विजय आनंद यांनी ‘गाइड’ (१९६५) मध्ये ते करून दाखवले. आर. के. नारायण यांच्या १९५८ च्या कादंबरीतील रोझी ही देवदासीच्या कुळातील मुलगी. या पार्श्वभूमीचे गांभीर्य ध्यानात घेतले पाहिजे. मद्रास प्रांतात मुली देवाला वाहण्याची प्रथा १९४७ च्या कायद्याने बंद झाली. परंतु त्या कुळांत जन्मलेल्या स्त्रियांवरचा कलंक कायद्याने पुसला गेला नाही. त्याच काळात त्यांचे नृत्य मात्र प्रतिष्ठित घरांतील मुलींनी शिकण्याजोगे, सभागृहांत सादर करण्याजोगे ठरले. नृत्याला मान मिळाला, नर्तकीला मिळाला नाही. रोझीने ‘सभ्य’ होण्यासाठी पुरातत्त्वज्ञ मार्कोशी लग्न केले आणि नाचणे सोडले. रोझीच्या भूमिकेतील वहिदा रहमान या भरतनाट्यम् शिकलेल्या होत्या. ‘रोजुलु मारायि’ (१९५५) या तेलुगू चित्रपटातील एका नृत्यगीताने त्या प्रथम लोकांच्या नजरेत भरल्या, आणि त्यांना हिंदीत आणणारे होते अल्मोड्याचे ते जुने विद्यार्थी, गुरुदत्त.

नवरा गुंफांच्या संशोधनात मग्न आहे. रोझी राजू गाइडला नागाचा नाच दाखवण्यास सांगते आणि तो तिला गारुड्यांच्या वस्तीत नेतो. पुंगी आणि ढोल वाजू लागतात. वस्तीतील एक स्त्री नाचू लागते. रोझी पाहत बसते. येथे ती प्रेक्षक आहे, हे महत्त्वाचे. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हलते, खांदे लय धरतात, आणि पाहता पाहता ती उठून नाचू लागते. या दृश्याला शब्द नाहीत. सचिनदेव बर्मन यांनी गीताचा मोह टाळला, आणि हिंदी चित्रपटात ही धाडसाची गोष्ट होती. हिरालाल आणि सोहनलाल या बंधूंनी हालचाली अशा बांधल्या आहेत की त्या शिकवलेल्या वाटत नाहीत. वर्षानुवर्षे कोंडलेले काहीतरी सांध्यासांध्यांतून बाहेर फुटत आहे असे वाटते. राजू थक्क होऊन पाहतो, पण ती त्याच्यासाठी नाचत नाही. गारुड्यांसाठी नाचत नाही. आपल्यासाठीही नाही. कॅमेरा तिच्याभोवती फिरतो तो जणू परवानगी न घेता आलेल्या माणसासारखा, आणि पाहणाऱ्याला किंचित संकोच वाटतो. चांगल्या नृत्यदृश्याने असा संकोच उत्पन्न करावा ही दुर्मीळ गोष्ट आहे.

पुढे रोझी प्रसिद्ध नर्तकी होते. मोठमोठ्या रंगमंचांवर, बदलत्या वेशांत, टाळ्यांच्या कडकडाटात ती नाचते. ती नृत्ये अधिक नेटकी, अधिक देखणी आहेत. परंतु त्यांना तिकीट काढून आलेला प्रेक्षक आहे, आणि चित्रपटाच्या कथेलाही तेच दाखवायचे आहे.

मराठी वाचकाला या संदर्भात तमाशापट आठवल्याशिवाय राहणार नाहीत. पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात १३१ आठवडे चाललेला अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) किंवा व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ (१९७२) यांची तपशिलाने चर्चा येथे शक्य नाही. एवढेच म्हणता येईल की लावणीची अदा ही मुळातच समोर बसलेल्या माणसाला उद्देशून असते, आणि कॅमेरा आपोआप त्या माणसाच्या जागी जाऊन बसतो. ‘पिंजरा’त संध्या नाचते ती तमाशा बंद पाडायला आलेल्या मास्तरासमोर. पाहायचे नाही असा ज्याचा निश्चय आहे, त्याला पाहायला लावणे हे त्या नाचाचे काम आहे. मास्तर पाहतो, आणि पुढे त्याच फडात आश्रिताचे जिणे जगतो. मोहिनीच्या कथेपासून आपण फार दूर आलेलो नाही.

त्याच वर्षी कमाल अमरोही यांचा ‘पाकीझा’ प्रदर्शित झाला. त्याची कथा पावलांपासून सुरू होते. आगगाडीच्या डब्यात झोपलेल्या नर्तकीची पावले एक अनोळखी प्रवासी पाहतो आणि त्या पावलांच्या स्तुतीची चिठ्ठी ठेवून निघून जातो. ज्या पावलांकडे आजवर पैसे फेकणारे पाहत आले, त्यांच्याकडे प्रथमच कोणीतरी आदराने पाहिले. शेवटी त्याच प्रियकराच्या लग्नात नाचण्याची वेळ तिच्यावर येते. ती फुटलेल्या काचांवर नाचते आणि तिची रक्ताळलेली पावले पांढऱ्या बिछायतीवर उमटत जातात. चित्रपट रेंगाळत राहिल्याने मीनाकुमारी तोवर फार आजारी झाल्या होत्या. त्यांच्या नृत्यांतील बराच भाग पद्मा खन्ना यांनी चेहरा ओढणीआड ठेवून पार पाडला. ज्या चित्रपटाचा सारा विषय एका स्त्रीची पावले हा आहे, त्यात चेहरा एकीचा आणि पावले दुसरीची असावीत, आणि त्या दुसरीकडे कोणाचे लक्षही जाऊ नये, याच हिशेबाने कॅमेरा ठेवलेला असावा! हस्तापासून रसापर्यंतची ती अखंड साखळी संकलकाच्या टेबलावर जोडली गेली. आणि तरीही ते दृश्य हृदय पिळवटून टाकते, हेही नाकारता येत नाही.

पद्मा खन्ना यांचे नाव निदान लोकांना ठाऊक आहे. मागच्या रांगेत नाचणाऱ्यांची नावे श्रेयनामावलीत येत नसत. नृत्यदिग्दर्शकाचे नाव येई, पण त्यापलीकडे त्याला कोणी फारसे ओळखत नसे. १९५० च्या दशकात मुंबईच्या स्टुडिओंतून समूहनर्तिका म्हणून उभी राहणारी एक लहान मुलगी सोहनलाल यांच्या हाताखाली आली, त्यांची साहाय्यक झाली, आणि नायिकांना पावले शिकवू लागली. ती म्हणजे सरोज खान. ‘तेजाब’ (१९८८) मधील त्यांच्या नृत्याने इतकी खळबळ उडवली की फिल्मफेअर पुरस्कारांत नृत्यदिग्दर्शनासाठी स्वतंत्र विभाग १९८९ मध्ये सुरू झाला आणि पहिला पुरस्कार त्यांना मिळाला. तोवर शीशमहाल उभा राहून जवळजवळ तीस वर्षे लोटली होती.